पक सोडून बघ!

'खालील मुद्द्यांवर १ ते ५ पैकी गुण द्या.' नोकरीत दहा-बारा वर्षं काढली की हे वाक्य तुमच्या आयुष्यात दोन बाजूंनी येतं. आधी तुमच्याबद्दल कुणीतरी तो फॉर्म भरत असतं आणि तुम्ही टेन्शनमध्ये असता. मग एक दिवस प्रमोशन होतं आणि तोच फॉर्म तुमच्या हातात येतो. वाटतं, चला, सुटलो! कसलं सुटतोय...

मी मूळचा डोंबिवलीचा. गेली काही वर्षं टोरांटोत सॉफ्टवेअरचं काम करतो. इथली कॉलेजची मुलं चार-चार महिन्यांसाठी कंपन्यांत इंटर्न म्हणून येतात. त्यांच्यातलं कुणाला पुढे पर्मनंट घ्यायचं, हे बऱ्यापैकी टीम लीडच्या रिपोर्टवर ठरतं. म्हणजे माझ्या! यंदाच्या हिवाळ्यात माझ्याकडे दोन मुलं होती आणि जागा एकच.

त्यातला एक एकदम स्मार्ट. मीटिंगमध्ये पहिला आवाज त्याचा, प्रेझेंटेशन झकास, लिफ्टमध्ये डायरेक्टर भेटले तर त्यांच्याशीही गप्पा. दुसरा अगदी शांत. विचारलं तर उत्तर देणार, नाहीतर नाही. मी मनातल्या मनात पहिल्याला नोकरी देऊनही टाकली होती. तेवढ्यात कोचने मला हॉकी बघायला नेलं.

कोच हे त्याचं खरं नाव नव्हे. साठीला टेकलेला हा आमचा सहकारी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतो आणि थंडीतले सगळे वीकेंड गाडी घेऊन गावोगाव फिरतो. एका हॉकी क्लबसाठी तो पोरं हेरतो. पार्टटाइम स्काउट! आपल्याला हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतो. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी पक नावाची काळी, जाड, रबरी चकती.

या खेळातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल. तिच्यात ३२ टीम आहेत आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या, २२४ मुलं. एकेक टीम पाळीपाळीने एकेक नाव घेते. कॅम्पस इंटरव्ह्यूच समजा, फक्त टीव्हीवर दाखवतात. यात उतरणारी बरीचशी पोरं जेमतेम १८ वर्षांची. म्हणजे स्काउट जेव्हा त्यांना बघत असतो, तेव्हा ती सतरा वर्षांची असतात. दाढी धड फुटलेली नाही आणि हा माणूस वहीत लिहितोय, की पंचविसाव्या वर्षी हा कसा खेळेल. मला तर पुढच्या आठवड्याचा स्प्रिंट नीट सांगता येत नाही!

तर एका शुक्रवारी आम्ही ब्रँप्टनला गेलो. इथे २०२४ पासून स्टीलहेड्स नावाची ज्युनिअर टीम खेळते. सगळी १६ ते २० वर्षांची पोरं. शहरात पंजाबी माणसं एवढी, की पार्किंगपासूनच कानावर पंजाबी पडत होतं. आत मात्र कडाक्याची थंडी. मला वाटलं, मॅच साडेसातची म्हणजे आरामात पोचू. पण कोचला वॉर्मअपच्याही आधी पोचायचं होतं. वर कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब जागा पकडून त्याने वही काढली.

खेळ सुरू झाला आणि मी सगळे करतात तेच केलं. पक जिकडे, नजर तिकडे. दहा मिनिटांनी कोचने विचारलं, "काय बघतोयस?"

"मॅच!"

"ती घरी टीव्हीवर बघ. इथे पक सोडून बघ. बावीस नंबरचा तो पोरगा धर आणि फक्त त्याच्यावर नजर ठेव."

सोपं वाटतं ना? करून बघा. नजर सारखी पककडे पळते. एकेक खेळाडू बर्फावर पाऊण-एक मिनिट असतो, मग बाहेर जाऊन बसतो आणि दुसरा येतो. त्या पाऊण मिनिटात बावीस नंबरच्या काठीला पक लागायचा तो जेमतेम दोन-चार सेकंद. उरलेला वेळ तो काय करतो, हेच बघायचं, असं कोचचं म्हणणं. पक मिळण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहतो का? पक हरवला की गोलगोल वळसा घेत सावकाश परततो, की तिथल्या तिथे ब्रेक मारून उलटा पळतो? चूक झाली, बेंचवर येऊन बसला, मग कोणाकडे बघतो? काठी आपटतो, की शेजारच्याला काही विचारतो?

"गोल केला तर तो सगळ्यांनाच दिसतो," कोच म्हणाला. "त्यासाठी मला कोण कशाला पैसे देईल?"

इंटरव्हलमध्ये त्याने वही दाखवली. प्रत्येक पोराला एक पान. तारीख, कुठे बघितला, घरच्या मैदानावर की बाहेरच्या, तीन दिवसांतली कितवी मॅच. एकदा बघून तो कुणाबद्दलही शेवटचं मत लिहीत नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, नावाच्याही आधी, जन्मतारीख लिहिलेली. मी म्हटलं, पत्रिका बघता की काय?

पण यात मोठी गंमत आहे. कॅनडात लहान मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघं एकाच गटात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांमध्ये अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! जानेवारीवाला अंगाने मोठा, म्हणून टीममध्ये निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगलं कोचिंग आणि जास्त मॅचेस मिळतात, आणि त्यामुळे तो खरंच चांगला होतो. डिसेंबरवाला बाहेरच. कॅनडातल्या संशोधकांनी १९८५ मध्येच हे जन्ममहिन्याचं गणित मांडलं होतं. पुढे २०१३ मध्ये आणखी एक अभ्यास आला. १९८० ते २००७ या काळातल्या ड्राफ्टमधले कॅनेडियन खेळाडू त्यात तपासले होते. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली पोरं पुढे जेवढी चांगली खेळली, त्या मानाने ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर मागे लागला होता. थोडक्यात, मोठमोठ्या क्लबच्या कसलेल्या स्काउटनाही 'मोठा' आणि 'चांगला' यात फरक करणं जड जात होतं.

ड्राफ्टची तारीख त्याहून वेगळी. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झाली, तर त्या वर्षी पात्र. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला. २०१६ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं. त्याला एक वर्ष जास्तीचं मिळालं म्हणायचं. पण सगळेच काही मॅथ्यूज नसतात.

हे ऐकताना मला आमच्या शाळेचं ग्राउंड आठवलं. माझा वाढदिवस मेच्या शेवटच्या आठवड्यातला. शाळा जूनची. त्यामुळे वर्गात सगळ्यात लहान मी, प्रार्थनेच्या रांगेत पहिला मी आणि क्रिकेटमध्ये कायमचा लिंबूटिंबू! आठवीत टीमच्या निवडीला गेलो, तर पीटीचे सर हसून म्हणाले, "तू पुढच्या वर्षी ये, बाळा." पुढच्या वर्षीही तेच. मी काही तेंडुलकर होणार नव्हतो, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण सरांनी माझ्या हातात एकदाही बॉल दिला नव्हता, हे पंचवीस वर्षांनी ब्रँप्टनच्या थंडीत मला पहिल्यांदा जाणवलं.

परतीच्या वाटेवर आम्ही कॉफीला थांबलो. मी विचारलं, "तुझे अंदाज किती बरोबर येतात?" कोच हसला. म्हणाला, ड्राफ्टमध्ये नाव आलेल्यांपैकीही कितीतरी जण एनएचएलची एकसुद्धा मॅच न खेळता संपतात. मग त्याने एकेक किस्सा काढला. १९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेगलला पहिल्या नंबरवर घेतलं. भावी सुपरस्टार म्हणून केवढा गाजावाजा! प्रत्यक्षात कारकीर्द बेतास बात. त्याच्यामागे दुसऱ्या नंबरवर गेलेला ख्रिस प्राँगर २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१ वा निवडला गेला, २०२४ मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये. मार्टिन सेंट लुई तर उंचीने कमी. त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि सॅम बेनेट! ड्राफ्टआधी पोरांची शारीरिक चाचणी होते. २०१४ मध्ये बेनेटला तिथे एकही पुल-अप काढता आला नाही. एकही नाही! बातम्या झाल्या, थट्टा झाली. तरी कॅलगरीने त्याला चौथ्या नंबरवर घेतलं. २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू होता हाच बेनेट.

"पुल-अप मोजायला सोपे असतात," कोच म्हणाला, "म्हणून मोजतात."

मग त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्याच्या घरी जुन्या वह्यांचं एक खोकं आहे. दर उन्हाळ्यात, सीझन संपला की तो ते उघडतो आणि आपण कोणाबद्दल काय चुकीचं लिहिलं होतं ते वाचतो. "जमलेले अंदाज वाचून मजा येते, पण शिकायला काही मिळत नाही."

घरी आलो, जेवलो आणि लॅपटॉप उघडला. माझं खोकं म्हणजे एक फोल्डर. त्यात गेल्या उन्हाळ्याचा एक रिपोर्ट होता. लहान गावातून आलेली एक इंटर्न. 'पुढाकार' या मुद्द्यावर मी तिला ५ पैकी २ दिले होते आणि खाली एक ओळ लिहिली होती, 'मीटिंगमध्ये बोलत नाही.' बस्स, एवढंच. तिला जागा मिळाली नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने आमचे रात्रीचे जॉब्स सकाळी बंद पडलेले सापडू लागले. शोधता शोधता कळलं, की ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते तपासत होती. अडकलेला जॉब सोडवायची, काय केलं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि गुपचूप आपल्या कामाला लागायची. ती फाइल आम्ही आजही वापरतो. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण "अरेरे, कळायला हवं होतं" म्हणून मी ते सोडून दिलं होतं. रिपोर्ट पुन्हा उघडून वाचला नव्हता. चार महिने मी फक्त पक बघत बसलो होतो.

मी तिला मेल केली. चूक माझी होती, शिफारसपत्र हवं असेल तर आनंदाने देईन, असं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तिला दुसरीकडे नोकरी लागली होती. आभार मानले होते आणि शेवटी लिहिलं होतं, की आता ती प्रत्येक मीटिंगमध्ये एक तरी वाक्य बोलायचंच, असं ठरवून जाते. वाचून मला बरं वाटलं नाही. सकाळी लवकर येऊन सगळ्यांची कामं सोपी करणाऱ्या मुलीला मी काय शिकवलं होतं? तर, बोलून दाखव!

यंदाच्या दोघांचं काय झालं, ते विचाराल. तुम्हाला वाटेल, शांत मुलगा छुपा हिरा निघाला. मलाही तसंच वाटत होतं. मी तीन आठवडे वही घेऊन दोघांना बघितलं. चूक झाल्यावर काय करतात, दुसऱ्याचा कोड तपासताना काय लिहितात, शुक्रवारी संध्याकाळी काम अडलं तर काय करतात. आणि खरं सांगू? तो बोलका मुलगाच पुढे होता. त्याची एक चूक प्रॉडक्शनला गेली, तेव्हा त्याने कोणी विचारायच्या आधी येऊन सांगितलं आणि रात्री बसून दुरुस्त केली. शांत म्हणजे आत हिराच असणार, हाही शेवटी एक फंडाच की!

जागा त्यालाच मिळाली. पण दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये या वेळी एका ओळीचा निकाल नाही. तारखा आहेत, प्रसंग आहेत, काय चांगलं केलं आणि काय जमलं नाही ते आहे. तो निघताना त्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. शेवटी कोचच्या वहीतून उचललेले दोन शब्द आहेत, 'पुन्हा बघावा'. कोण जाणे, मी परत चुकलेलो असेन.

म्हणून दोघांचीही पानं ठेवून दिली आहेत. पुढच्या उन्हाळ्यात उघडीन.