सुधारित आवृत्ती

जी गोष्ट धड चालू आहे तिला बोट लावू नये, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींना बहुधा आजी नसावी.

पनवेलच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात मी हिशेब बघतो. हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे. उगाच गैरसमज नको. २००५ च्या जुलैत गाढी नदीचं पाणी दुकानात आलं, तेव्हा आमच्या चोपड्याही भिजल्या. शेठनी त्या दोरीवर वाळत घातल्या. शाई फुटून कुठे कुठे एकाचा नऊ झाला, पण उधारी वसूल झाली. (काहींकडून जराशी जास्तच.) पुढे कॉम्प्युटर आला, आणि पुन्हा तसला प्रसंग नको म्हणून त्याच्यामागोमाग बॅकअप आला. रोज रात्री नऊला सगळ्या हिशेबाची एक नक्कल गुपचूप दुसरीकडे जाऊन बसायची. चार वर्षं बसली, बिनबोभाट.

मग अपडेट यायला लागले.

एका सकाळी पडद्यावर 'अभिनंदन!' असं झळकलं. विनाकारण कोणी अभिनंदन केलं की मी आधी खिसा चाचपतो. बटणांचे रंग बदलले होते, रोजचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं होतं, आणि खाली हिरवी खूण: 'बॅकअप यशस्वी.' अशा हिरव्या खुणा चाळीस दिवस उमटल्या. एकेचाळिसाव्या दिवशी कॉम्प्युटरची डिस्क बसली. जीएसटीचं विवरणपत्र भरायची मुदत २० तारखेची, आणि त्या दिवशी १८. मी ऐटीत नक्कल परत मागवली. अपडेटच्या आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं सुखरूप आलं. पुढच्या चाळीस नकला कोऱ्या! रोज डबा पोचल्याची सही आणि डबे रिकामे.

फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगा बोलला, "पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल, सर."

"अहो, पण हा सोडायच्या आधी तुम्ही चालवून बघितला नव्हता का?"

"तेच बघतोय ना सर! तुमच्याकडे नेमका कधीपासून अडकला?"

पंगत बसायच्या आधी आचारी आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखतो. नैवेद्याची तेवढी चाखायची नसते, कबूल. पण देव बिचारा काही बोलत नाही. आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरलेली गिऱ्हाइकं.

बिलबुकांच्या कार्बन प्रतींवरून बिलं पुन्हा चढवली. दोन रात्री गेल्या. पण कोणी किती दिले आणि किती राहिले, हे एकट्या कॉम्प्युटरला ठाऊक. ज्यांची बाकी होती त्यांतल्या एकालाही काही आठवेना. शेठ म्हणाले, "भिजलेली चोपडी परवडली रे. ती वाळत तरी घालता येते."

हे भोग आमच्यासारख्या किरकोळ दुकानांचेच म्हणावेत, तर जपानातल्या क्योतो विद्यापीठाचा महासंगणक आठवतो. डिसेंबर २०२१ मध्ये पुरवठादार कंपनीनं तिथल्या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली तेवढ्या काढायच्या, एवढंच त्याचं काम. पण जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्या जागी नवा ठेवला. कीर्तन ऐन रंगात असताना बुवांच्या पुढ्यातली पोथी बदलावी तसा. 'कुठलं पुसायचं' ही जागाच कोरी निघाली, आणि त्यानं दिसेल ते पुसायला घेतलं. ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली! १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांतल्या ४ गटांचं गेलेलं परत मिळण्यातलं नव्हतं. कंपनीनं 'जबाबदारी शंभर टक्के आमची' असं लिहून दिलं. आम्हाला सनईवर भागवावं लागलं.

आता दर शनिवारी मी ती नक्कल एका जुन्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. शेठ बाकीची यादी लाल चोपडीत हातानं लिहितात आणि चोपडी माळ्यावर ठेवतात, पुराच्या खुणेच्या चांगली वर.

गेले नऊ दिवस पडद्याच्या कोपऱ्यात 'नवी आवृत्ती तयार आहे' अशी पाटी लागली आहे. खाली दोनच बटणं: 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने'. 'नको' असं बटण त्यांनी ठेवलेलंच नाही. मी रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की 'थोड्या वेळाने' दाबतो.