वॉरंट मिळालं, पुढे?

माउंट रॉस्किलला आलात तर शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत चक्कर मारा. एखादं तरी बॉनेट उघडं दिसेलच! जपानहून वापरून आलेली आमची टोयोटा २ लाख किलोमीटर पळाली आहे. ऑइल, फिल्टर, प्लग आम्ही घरीच बदलतो. पण मंडळी, वॉरंट ऑफ फिटनेस मिळालं म्हणजे गाडी ठणठणीत, असं नव्हे हं! तिथे ब्रेक, दिवे, गंज बघतात, टायरची खाच १.५ मिलिमीटर आहे ना ते मोजतात. टायमिंग बेल्ट बघत नाहीत. बऱ्याच जुन्या गाड्यांचा तो लाख किलोमीटरला बदलावा लागतो. २००९ पासून आपल्या डोंगराला खेटून मोटरवे जातो. तिथे ऐन रहदारीत बेल्ट तुटला तर इंजिन बंद, आणि मागे मुलं बसलेली! तेवढं काम मात्र गॅरेजवाल्यालाच द्या.