मुगाएवढा शुक्र

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात एक न्यायालय भरते. सौ. पदर खोचून खाली उभी राहते, मी स्टुलावर चढतो, आणि वर्षभर कपाटांच्या डोक्यावर सुखाने नांदत असलेल्या वस्तू एकेक करून तिच्यापुढे हजर होतात. 'ठेवायचं' आणि 'टाकायचं' असे दोनच निकाल. अपिलाची सोय नाही.

यंदा जुन्या पंचांगांच्या मागून ड्रॉइंग पेपरची एक सुरळी निघाली. तिने ती उलगडून पाहिली. मधोमध एक मोठा गोल, त्या गोलातून गेलेली एक तिरकी रेघ, रेघेवर पेन्सिलीने नीट गिरवलेले सात ठिपके. एका कोपऱ्यात पाण्याचा तपकिरी डाग.

"ही कुठली रांगोळी हो? अर्धीच राहिलीय."

"रांगोळी नाही. तो सूर्य आहे."

"आणि हे ठिपके?"

"शुक्र."

"सात?"

"एकच. सात वेळा."

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाशी संसार केल्यामुळे तिला असल्या उत्तरांची सवय आहे. तिने सुरळी पुन्हा वळली. "टाकायचं ना?"

"नको," मी म्हणालो. आणि आवाज जरा मोठा लागला असावा, कारण या न्यायालयाच्या इतिहासात प्रथमच अपील ताबडतोब मंजूर झाले.

आता ही हकीकत सांगायची म्हणजे मला थोडे मागे जायला हवे. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिक (हल्ली त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात जुना शब्दच चालतो) आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. कॉलेजात जायचे ठरले होते, ते ठरल्याप्रमाणे झाले नाही. पण त्याबद्दल आता तक्रार नाही. कादंबऱ्या लिहू लागल्यापासून ठरवण्यावरचा माझा विश्वास तसाही कमीच झाला आहे. आराखडा वहीत असतो तोवर सगळी पात्रे आज्ञाधारक असतात. तिसऱ्या प्रकरणात नायिका माहेरी निघून जाते आणि पाचव्यात ज्याला मारायचे तो म्हातारा खडखडीत बरा होतो. गंमत अशी की कागदावर हे मी हसून सोसतो. आयुष्यात मात्र नाही.

8 जून 2004 या दिवशी शुक्र सूर्यबिंबावरून गेला. अधिक्रमण म्हणतात त्याला. भरदिवसा, पावणेअकरापासून जवळजवळ पाचपर्यंत तो काळा ठिपका सूर्यावरून सरकत होता, आणि मी एस. टी.त बसून, खिडकीच्या गजाला डोके टेकून झोपा काढत होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले आणि हळहळलो. पण त्याच बातमीत दिलासाही होता. ही अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात. मग शंभराहून अधिक वर्षे काही नाही. पुढचे 6 जून 2012 ला. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. आठ वर्षे म्हणजे काय, पाहता पाहता जातील!

गेलीही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तोवर मी चांगला रुजलो होतो. विज्ञान शिक्षकांना सुट्टीत गावी जायचे होते, म्हणून या कार्यक्रमाची सूत्रे चित्रकलेच्या मास्तराकडे आली. मी ती अशा उत्साहाने घेतली की मुख्याध्यापकांना जरा भीतीच वाटली असावी. "जून महिना आहे, सर. ढग आले तर?" एवढेच ते म्हणाले. "सकाळी नसतात," मी म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो, देव जाणे.

बेत मात्र चोख होता. आमच्या सड्यावर पहाटे जमायचे. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी द्विनेत्री दुर्बीण देऊ केली होती. तिच्यातून सूर्याकडे पाहायचे नाही, डोळे जातील. ती तिकाटण्यावर बांधून सूर्याची प्रतिमा मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायची. कागदावर सोळा सेंटिमीटरचे वर्तुळ. त्या मापाने शुक्र येतो मुगाच्या दाण्याएवढा. अधिक्रमण आपल्याकडे सूर्य उगवण्यापूर्वीच सुरू झालेले असणार. सड्यावरून सूर्य दिसायला सहा वाजून जातात, म्हणून साडेसहाला पहिला ठिपका काढायचा, मग दर अर्ध्या तासाने एक, आणि दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास शुक्र कडेवरून बाहेर पडला की शेवटचा. त्याची वाट कुठून कशी जाईल ती तिरकी रेघ मुलांकडून फळ्यावर दहा वेळा काढून घेतली होती.

आणि परीक्षेनंतरच्या मोकळ्या तासांना मी त्यांना ल जांतीची गोष्ट सांगितली होती. खरे तर माझ्या अपराधाची सुरुवात तिथेच आहे.

गियोम ल जांती हा फ्रान्समधला ज्योतिर्विद. वेगवेगळ्या ठिकाणांहून हे अधिक्रमण पाहून वेळा जुळवल्या तर सूर्य पृथ्वीपासून किती दूर आहे ते काढता येईल, अशी युक्ती इंग्लंडच्या हॅलेने 1716 साली सुचवून ठेवली होती. स्वतः हॅले 1742 साली वारला, आणि आपल्याला ते पाहायला मिळणार नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. 1761 चे अधिक्रमण पाहायला ल जांती मार्च 1760 मध्ये पुदुच्चेरीला निघाला. वाटेत युद्ध. मलबारच्या किनाऱ्याशी पोहोचतो तो कळले की पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली आहे. जहाज मागे फिरले. 6 जूनला आकाश स्वच्छ होते, शुक्र सूर्यावर होता, आणि हा भर समुद्रात! हलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही, नेमकी जागा कळत नाही; पाहिले, पण मोजमाप कवडीमोलाचे.

मग घरी परत जावे ना? नाही. पुढचे आठ वर्षांनी आहे तर इकडेच थांबू, असे त्याने ठरवले. मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले, मनिलाला गेला, आणि 1768 साली पुन्हा पुदुच्चेरीला आला. ती तोवर फ्रेंचांना परत मिळाली होती. तिथे वेधशाळा उभारली. मद्रासच्या इंग्रजांनीच त्याला एक दुर्बीण दिली. 1769 चा मे महिना सगळा निरभ्र. 4 जूनच्या पहाटे ढग आले, वादळी वारा सुटला, आणि अधिक्रमण संपल्यावर थोड्याच वेळात सूर्य लख्ख बाहेर पडला. जे मनिला तो सोडून आला होता तिथे त्या दिवशी आकाश स्वच्छ होते.

इथे वर्ग हसायचा. मी ती गोष्ट हसावे अशीच सांगत असे. आणि पुढचे सांगताना तर हात वारे करून: साडेअकरा वर्षांनी, ऑक्टोबर 1771 मध्ये हा गृहस्थ घरी पोहोचतो, तो त्याला मेला समजून वारस मालमत्तेची वाटणी करायला बसलेले! अकादमीतली जागाही दुसऱ्याला दिलेली! मुले बाके बडवायची. त्या ढगाळ सकाळीनंतर दोन आठवडे त्याला लेखणी हाती धरवली नाही, हे मात्र मी घाईने सांगून टाकी. त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

6 जून 2012. पहाटे पाचला सड्यावर बावीस मुले जमली. काही दोन-दोन वाड्या ओलांडून, कंदील घेऊन आली होती. आईबापांना मी शब्द दिला होता की असे तुमच्या नातवंडांनाही पाहायला मिळणार नाही. पूर्वेला सह्याद्रीवर ढगांची एक भिंत उभी होती. सहा वाजले. भिंत तशीच. सात वाजता ती आमच्या डोक्यावर आली आणि थेंब पडू लागले. दुर्बीण शर्टाखाली धरून आम्ही सड्यावरच्या देवळात पळालो.

मुले पाच मिनिटे हिरमुसली आणि मग, मुलेच ती, भेंड्या खेळू लागली. सौ.ने दिलेला पोह्यांचा डबा उघडला गेला. एका मुलाची आजी नातवाला शोधत आली होती, ती पावसाकडे पाहून हात जोडत म्हणाली, "गुरुजी, बरं झालं हो. पेरलेलं भात पाण्यावाचून तसंच पडलं होतं." मी हसलो. दात दाखवले, एवढेच. मनात मी कुणावर तरी भयंकर संतापलो होतो आणि कुणावर ते सापडत नव्हते.

साडेनऊला ते सापडले.

सातवीतला एक मुलगा खांबाला टेकून एकटाच बसला होता. मांडीवर फळी, फळीवर तो कागद, शेजारी माझेच घड्याळ. मी जवळ गेलो. रेघेवर सात ठिपके होते. सातवा तो नुकताच गिरवत होता.

"काय करतोयस?"

"साडेनऊचा ठिपका, सर."

"दिसला का तुला शुक्र?"

"नाही, सर."

"मग? न पाहिलेलं काढतोस? काय शिकवलं मी तुम्हांला? जे दिसतं ते काढायचं. ही लबाडी आहे."

तो उभा राहिला. घाबरून, पण अगदी खरे विचारावे तसे त्याने विचारले, "पण सर, तो तिथं आहेच ना? ढगामागं?"

मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. बाकीची मुले गप्प झाली. पागोळीखालून जाताना त्यावर पाणी पडले, तोच तो डाग. बावीस पोरांपैकी एकटा तो साडेसहापासून घड्याळ पाहत आपल्या कामावर बसून होता. ते मला त्या वेळी दिसले नाही. मला फक्त माझा फसलेला बेत दिसत होता, आणि त्याच्या शांतपणाचा राग आला होता. अकरा वाजता ऊन पडले. घरी येऊन मी कागद कपाटावर फेकला.

ल जांतीचे मी मुलांना अर्धेच सांगितले होते. उरलेले मी नंतर पुन्हा वाचले. पुदुच्चेरीच्या त्या मुक्कामात तो तिथल्या तमिळ ज्योतिषांकडून ग्रहणाचे गणित शिकला. ते लोक कोष्टके पाठ म्हणत आणि लिहिण्याऐवजी कवड्या मांडून हिशेब करीत. हे सगळे त्याने आपल्या दोन खंडांच्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले. ते ज्योतिषी ग्रहण दिसायच्या आधीच मांडत. ढग असोत नसोत, कवडी तिच्या जागी पडायची. त्यांना कुणी लबाड म्हटले नाही. आणि त्याला स्वतःला पुढे अकादमीत जागाही परत मिळाली, लग्न झाले, मुलगी झाली. वर्गात मी गोष्ट वारसांपाशीच थांबवत असे, कारण हशा तिथे होता.

तो मुलगा दहावीनंतर मुंबईला गेला. एका कारखान्यात लेथवर काम करतो. म्हणे हात फार नेमका आहे. शिमग्याला गावी येतो, पालखी खांद्यावर घेऊन नाचतो, वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो. कागदाचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. प्रत्येक शिमग्याला ओठांवर येते, आणि मी मुंबईतल्या पावसाची चौकशी करतो.

परवा रात्री चकल्यांचा घाणा उतरल्यावर सौ.ला हे सगळे सांगितले. तिने सुरळी पुन्हा उलगडली, चष्मा लावून ठिपके मोजले.

"म्हणजे दहाचा आणि शेवटचा, दोन राहिले."

"हो."

"मग काढून टाका की तुम्ही. तुमचंच तर काम ते."

मी पेन्सिल घेतलीही होती. टोक केले. मग कागद पुन्हा गुंडाळला, पेन्सिल आत घातली आणि सुरळीला दोरा बांधला. फाल्गुनाला अजून चार महिने आहेत. कपाटावर नको म्हणून ती आता देवघराच्या फळीवर ठेवली आहे. सौ.ने तिथे काही हरकत घेतलेली नाही.