गुलाबाची भावकी

८ जानेवारी, बुधवार

भाचीचे वनस्पतिशास्त्राचे प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे. आज कॉलेजातून थेट माझ्याकडे आली ती मोजमजाही मार्केटवरून पाव किलो गुलाब घेऊन. हारासाठी विकतात तसले, बिनदेठाचे. म्हटले, याचा गुलकंद होईल, अभ्यास होणार नाही. गुलाब ओळखायचा तर फुलापेक्षा पान जास्त बोलते. गच्चीवरच्या कुंडीतल्या गावठी गुलाबाची एक डहाळी कापून आणली आणि ओट्यावरच बसलो.

पान संयुक्त, पाच किंवा सात दले, टोकाला एकटे दल. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेल्या हिरव्या पट्ट्या ती पुसून टाकायच्या धुळीसारख्या बघत होती. ती उपपर्णे. या महिन्यात मी तिला दुसरे काही शिकवले नाही तरी उपपर्ण बघायला शिकवीन. मग काटा. अंगठ्याने आडवा रेटला की सालीसकट सुटून येतो, आत लाकडाशी त्याचा काही संबंध नाही. लिंबाचा काटा असा निघत नाही, तो फांदीचाच अवतार असतो.

तिला खरी गंमत वाटली ती निदलांची. पाच निदले, त्यांतल्या दोघांना दोन्ही कडांना झालर, दोघे अगदी गुळगुळीत, आणि पाचव्याला एकाच बाजूला झालर. तिचा विश्वास बसेना, आणखी कळ्या सोलल्या. तेच. कळीत निदले एकमेकांवर चढलेली असतात, जी कड बाहेर राहते तिला झालर फुटते, जी दबलेली असते ती साधी राहते. एकदा हे कळले की जादू संपते, पण मला तरी संपल्याचे वाईट वाटत नाही.

पाकळ्यांचेही तसेच. रानगुलाबाला पाकळ्या पाचच. बाकीचा भरगच्चपणा पुंकेसरांनी रूप बदलून आणलेला. फूल बाहेरून आत सोलत गेले की मध्ये अर्धी पाकळी, अर्धा केसर अशी कुठलीच धड नसलेली मंडळी सापडतात.

जाता जाता तिने विचारले, "मावशी, तुमच्या वेळीसुद्धा प्रॅक्टिकल त्याच दरबार हॉलच्या इमारतीत व्हायचं?" ब्रिटिश रेसिडेंट किर्कपॅट्रिकने १८०३ च्या सुमारास बांधायला घेतलेली हैदराबादची रेसिडेन्सी, १९४९ पासून मुलींचे कॉलेज, आता विद्यापीठ आणि वीरनारी चाकली ऐलम्मांचे नाव. रिक्षावाल्याला मात्र अजूनही 'विमेन्स कॉलेज' म्हटल्याशिवाय समजत नाही.

११ जानेवारी, शनिवार

तिची वही चाळली. बेंथॅम आणि हूकर! आम्हीही हेच घोकले. लंडनजवळच्या क्यू बागेत बसून दोघांनी १८६२ ते १८८३ या काळात तीन खंडांत, लॅटिनमध्ये, जगातल्या सगळ्या बीजधारी वनस्पतींच्या प्रजाती मांडल्या. डार्विनचे पुस्तक १८५९ चे, पण या मांडणीत वंशावळ नाही. जे दिसते, भिंगाखाली मोजता येते, त्यावर ती उभी आहे. हूकरची ब्रिटिश भारताची फ्लोरा याच क्रमाने, थिओडोर कुकने मुंबई इलाख्याची लिहिली तीही याच क्रमाने. आपल्याकडच्या अनेक जुन्या हर्बेरियममधली कपाटेही तशीच लावलेली. म्हणून अभ्यासक्रमातून ती निघत नाही, आणि माझ्या मते घाईने काढूही नये.

या मांडणीत गुलाब गणात गुलाबाचे शेजारी कोण? तूर-हरभरा-चिंच यांचे शेंगांचे मोठे कुल, पानफुटीचे कुल, किडे खाणाऱ्या दवबिंदूचे कुल. सुट्या पाकळ्या, फुलाच्या बुडाशी वाटी, अशा खुणांवरून जमवलेला गोतावळा.

दुसऱ्या पानावर तिने लाल शाईने 'एपीजी ४, २०१६' असे लिहून खाली नऊ नावे उतरवली होती. अर्थ विचारला तर गप्प. वर्गात बहुधा फळ्यावरून उतरवून घेतली असावीत.

संध्याकाळी तीच नावे मराठीत मांडून दिली. १९९८ पासून जगातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिळून डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची भावकी नव्याने लावत आहेत. चौथी फेरी २०१६ ची. तिच्यात गुलाब गणात नऊ कुले: गुलाबाचे, बोराचे, वावळ्याचे, भांगेचे, वड-पिंपळ-उंबर-फणसाचे, अंगाला लागताच आग करणाऱ्या खाजऱ्या झुडपांचे, सह्याद्रीतल्या आंबगुळाचे, आणि दोन छोटी कुले, एक अरबस्तान-आफ्रिकेकडले, दुसरे सोकोत्रा बेट आणि सोमालियातले. चिंच, पानफुटी, दवबिंदू तिघेही बाहेर. शेंगांच्या कुलाचा आता स्वतंत्र गण आहे, शेजारचाच, पण वेगळा.

भाची म्हणाली, "गांजा गुलाबाचा नातेवाईक? हे घरात सांगू नका." मी म्हटले, उंबरही आहे ना, ते सांग, तुझी आजी खूश होईल.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबाने बोलावले. नातवाला भोगी पळ्ळु. आपले बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते, त्यांचे भोगीच्या संध्याकाळीच. आजीबाईंनी ताटात रेगी पळ्ळु म्हणजे बोरे, उसाचे तुकडे, चिल्लर, भिजवलेले हरभरे आणि मूठभर गुलाबाच्या पाकळ्या कालवल्या होत्या. मुलाच्या डोक्यावरून ओतताना मी भाचीकडे पाहिले, ती आधीच हसत होती. एका मुठीत दोन्ही पुस्तके. हरभरा म्हणजे बेंथॅम-हूकरने लावलेला गुलाबाचा शेजारी, बोर म्हणजे नव्या भावकीतले.

कार्यक्रम उरकल्यावर पोरगी अंगणातल्या बोरीपाशी गेली. बोरीच्या काट्यांची जोडी असते, बहुधा एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा, दोन्ही पानाच्या बुडाशी. कुठे असतात? जिथे गुलाबाची हिरवी पट्टी असते, बरोबर तिथे. बोरीचा काटा म्हणजे कडक झालेले उपपर्ण. गुलाबाला काटे आहेत आणि बोरीलाही आहेत, पण हा त्यांच्या नात्याचा पुरावा नव्हे. एकाचा सालीतून आलेला, दुसऱ्याचा उपपर्णातून. नाते आहे ते दुसऱ्याच ठिकाणी, देठाच्या बुडाशी.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. लिहायला वेळ नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. विश्वकोशात कुल, गण, उपपर्ण, निदल हे शब्द इतके सहज वापरलेले आहेत की वाईतल्या त्या मंडळींबद्दल आदर वाटतो. भाचीच्या पिढीला ते शब्द पहिल्यांदा परके वाटतात, दुसऱ्या दिवशी नाही.

बाहेर पडून पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातही हात घातला. डिग्रीची गाइडे, ईएएमसीईटीचे गठ्ठे. दत्तांचे वनस्पतिशास्त्र होते, अर्धी पाने गेलेले. घेतले नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

बेगम बाजार. लग्नासाठी सुकामेवा घ्यायचा होता, भाची पिशव्या धरायला. दुकानात उभ्या उभ्या तिची परीक्षा घेतली.

बदाम: गुलाब कुल. खुबानी: गुलाब कुल, आणि बदामाच्याच प्रजातीतली. आलुबुखार: तीच प्रजाती. काजू आणि पिस्ता: दोघेही आंब्याच्या कुलातले, गुलाबाशी काही देणेघेणे नाही. मनुका द्राक्षाच्या. अंजीर: वडाच्या कुलातले, म्हणजे गुलाब गणातले, दूरचे पण आपले. अक्रोड: वेगळा गण. दुकानदार आधी हसला, मग त्याने विचारले, "मॅडम, चिरोंजी?" तीही आंब्याच्या कुलातली. तो म्हणाला, हौ, झाड तर तसंच दिसतं.

हैदराबादी लग्नात 'खुबानी का मीठा' नसेल तर पाहुणे जेवले असे मानत नाहीत. खुबानी रात्रभर भिजवायची, बी काढायची, गर आटवायचा, बी फोडून आतली गिरी वर लावायची. ही गिरी बदामासारखीच दिसते. बदामात गर टाकून गिरी खायची, खुबानीत गर खायचा आणि गिरी शोभेला. दोन्ही झाडांची फळे बांधणीने एकच: बाहेर गर, आत टणक कवच, कवचात बी. कडू गिरीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, म्हणून कडू लागली तर थुंकायची, हे आईने शिकवले होते. कारण पुढे कॉलेजात कळले.

घरी आल्यावर एक सफरचंद आडवे कापले. मध्ये पाच कप्प्यांची चांदणी. ते पाच कप्पेच खरे फळ. भोवतालचा गर प्रामुख्याने फुलाच्या बुडाशी असते त्या वाटीचा. गुलाबाच्या बोंडातही तीच वाटी मांसल होते आणि दाणे आत राहतात. स्ट्रॉबेरीत उलटे, पुष्पाधारच फुगून दाणे बाहेर येतात, महाबळेश्वरला आपण फळ म्हणून जे खातो तो पुष्पाधार असतो आणि फळे म्हणजे दातात अडकणारे ते पिवळे ठिपके.

फळांच्या या तऱ्हांवरून जुने लोक गुलाब कुलाचे चार भाग करीत. २००७ मध्ये जनुकांच्या आधारे तीन झाले, आणि सफरचंद व बदाम एकाच उपकुलात आले. गुणसूत्रांचा पायाभूत आकडा गुलाबाचा ७, बदामाचा ८, सफरचंदाचा १७. हा १७ कुठून आला यावर बरीच वर्षे तर्क चालले. आता मानतात की ९ चा आकडा असलेल्या पूर्वजाचे दुप्पट १८ झाले आणि पुढे एक कमी झाला. भाचीने हे वहीत न उतरवता लक्षात ठेवले, यातच मी खूश.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर देवळाच्या पारावर. उंबर आणि पिंपळ शेजारी शेजारी. पिंपळाची फांदीच्या टोकाची कोवळी टोकदार कळी सोलली, वरचे आवरण टोपीसारखे अख्खे सुटून आले. तेही उपपर्णच. गळून पडल्यावर फांदीभोवती गोल वळ राहतो, फणसालाही तसाच. गुलाबात पट्टी, बोरीत काटा, पिंपळात टोपी. आता ती स्वतःच शोधायला लागली आहे.

मग तिने खोडा घातला. वाटाण्याच्या शेंगा सोलताना बघते, वाटाण्याचे उपपर्ण तर पानाच्या दलापेक्षा मोठे असते, मग त्याला बाहेर का काढले? प्रश्न अगदी योग्य. एका खुणेवरून नाते ठरत नाही. आणि आंबगुळाच्या कुलाला उपपर्ण नसूनही ते गुलाब गणात आहे. तिथे बहीणभाऊ ठरवले ते जनुकांच्या अक्षरक्रमाने, भिंगाने नाही.

आणि पाकळ्या? वावळ्याला नाहीत, भांगेला नाहीत, त्यांचे परागकण वाऱ्यावर जातात, सजावटीचा खर्च कशाला. उंबराने फुले आत कोंडून घेतली आणि कामाला चिमुकली गांधीलमाशी ठेवली. म्हणजे नटलेली गुलाबाची बाजू या भावकीत अपवाद म्हणावी इतकी. कवींनी ज्याला फुलांचा राजा केले त्याचे बहुतेक नातेवाईक बिनपाकळ्यांचे! मला हे शाळेत शिकवायला मिळाले असते तर मी आणखी दोन वर्षे नोकरी केली असती.

३० जानेवारी, गुरुवार

नर्सरीत. पाट्या वाचत फिरलो. चिनी गुलाब म्हणजे आमची 'ऑफिस टाइम', घोळाच्या भाजीची नातेवाईक. डेझर्ट रोज हे कण्हेरीच्या कुलातले. जास्वंदीच्या लॅटिन नावात तर 'चिनी गुलाब' असेच म्हटले आहे, कुल मात्र भेंडीचे. नाव देताना लोक रंग बघतात आणि सोडून देतात.

खऱ्या गुलाबांकडे वळलो तर तिथे दुसरेच वर्गीकरण: हायब्रिड टी, फ्लोरिबंडा, मिनिएचर. याला कुल-गणाशी घेणे नाही, फुलाचा आकार, घोस आणि बाजार बघून केलेली विभागणी. १८६७ चा 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रिड टी मानतात. या सगळ्यांना बाराही महिने फुलण्याचा गुण चीनमधल्या खऱ्या गुलाबांनी दिला, आणि लिनियसने त्यांतल्या एकाला 'इंडिका' नाव देऊन ठेवले, मूळ ठिकाण चीन असे स्वतःच लिहून.

थंड देशातल्या गुलाबांना आपला उन्हाळा सोसत नाही. आंध्र प्रदेश केडरचे सनदी अधिकारी एम. एस. वीरराघवन यांनी नोकरी लवकर सोडून कोडाईकनालला यावर वर्षानुवर्षे काम केले. बंगालच्या पाणथळीत वाढणारा क्लायनोफिला आणि ईशान्येचा जायगँटिया हे आपले दोन रानगुलाब घेऊन उष्ण हवेला टिकणाऱ्या जाती बनवल्या. बी. पी. पाल यांचे 'द रोज इन इंडिया' १९६६ चे, तेव्हापासून भारतीय गुलाबावर लिहिणारा प्रत्येक जण त्याचे ऋण मानतो. नर्सरीवाल्याला दोन्ही नावे माहीत नव्हती. त्याने आम्हाला पुण्याहून आलेले कलम दाखवले, दीडशेला. भाव न करता घेतले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रॅक्टिकल झाले. वर्णनाला गुलाब येईल या भरवशावर पोरीने उपपर्णापासून गुणसूत्रांपर्यंत सगळे तयार केले होते. टेबलावर सदाफुली आली. पाकळ्या जुळलेल्या, पाने समोरासमोर, मोडले की चीक, उपपर्ण नाही. कुल तिने कण्हेरीचे लिहिले. बेंथॅम-हूकर आणि एपीजी, दोघांकडेही हे कुल जेन्शियन गणातच आहे, त्यामुळे तोंडी परीक्षेत वादाला जागाच उरली नाही.