विमा आणि कृष्णामाई

सांगलीतल्या आमच्या घराच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. वरची २०१९ च्या पुराची, खालची २०२१ च्या. दुसरी उमटल्यावर घाबरून विमा उतरवला. तेव्हापासून कृष्णामाई उंबऱ्याला शिवलेली नाही!

यंदा हप्ता वाढला, तेव्हा मी हिला म्हटलं, "बंद करू या. पैसे पाण्यात कशाला घालायचे?"

"अहो, मग घर घालायचं का पाण्यात?"

मी हिशेबाला बसलो. विमा जागेच्या भावाचा नसतो, घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. त्या खर्चात माझे सात जन्मांचे हप्ते बसत होते. तरी धीर करून वरच्या रेघेशी उभा राहिलो. ती नेमकी नाकाशी आली.

निमूट हप्ता भरला. पावती हिने देव्हाऱ्यात ठेवली, कृष्णेच्या पाण्याच्या तांब्याशेजारी.