सागवानी नौकेचे उत्तरायुष्य

खानदेशाला समुद्र नाही. परंतु धुळे-जळगावच्या मातीतून वाहणारी तापी सुरतेजवळ सागराला मिळते आणि त्याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर जहाजबांधणीसाठी मुंबईस आले. त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेची कथा मध्यंतरी आमच्या वाचनात आली आणि मनाला बोच लावून गेली.

नेपोलियनशी युद्ध चालू असताना ब्रिटिश आरमाराने ही शिडाची नौका मागविली. तिचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' जहाज १८१२ साली अमेरिकी नौकेशी लढताना नष्ट झाले. नवे आराखडे आले, मलबारी सागवान आले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. तोवर नेपोलियनचा पराभव होऊन दोन वर्षे लोटली होती! १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोहोचली. तेथे पाव शतकाहून अधिक काळ तिला बाजूस ठेवण्यात आले.

१८४७ नंतर तिने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत गस्तीची सेवा केली. मोठ्या सागरी लढाईत मात्र तिच्या तोफा कधी कडाडल्या नाहीत. १८६० पासून ती नाविकांची शाळा झाली. १८९७ साली मोडीत निघाली असता कॉब नावाच्या गृहस्थांनी तिला विकत घेतले. त्यांचे 'फुद्रॉयां' हे प्रशिक्षण-जहाज त्याच वर्षी वादळात फुटले होते. तेच नाव त्यांनी हिला दिले. पुढे १९८६ पर्यंत मुले या नौकेवर शिकत राहिली. २००१ साली हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. मूळ नाव परत मिळालेली ही नौका आजही पाण्यावर तरंगते आहे. सागवानातील तेलामुळे कीड लागत नाही, लोखंडी खिळेही सहसा गंजत नाहीत.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध धर्मशिक्षक आहेत. ऐकू कमी येऊ लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच त्यांना 'आता विश्रांती घ्या' असे सांगितले होते. ते निमूटपणे शेवटच्या बाकावर बसू लागले. आम्ही त्याला त्यांचा सन्मान समजलो. वस्तुतः आम्ही त्यांची शिडे उतरविली होती.

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. "गुरुजी, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांना प्रार्थना शिकवाल का?"

"फादर, मला ऐकू येत नाही."

"मुले मोठ्याने म्हणतील," आम्ही मोठ्याने म्हणालो.

ते क्षणभर गप्प राहिले. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत त्यांनी विचारले, "कोणत्या वारी येऊ?"

प्रिय वाचकहो, आपल्याही घरी, शेवटच्या बाकावर, असे कोणी बसलेले आहे काय?