छाप

मराठीत ‘ब्रँड’ या शब्दाला बाजारात रुळलेला एक जुना पर्याय आहे : छाप. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईकही चित्र पाहून वस्तू मागत असे, आणि चित्र ओळखीचे असले की आतल्या मालाची खात्री आपोआप पटे. हाच शब्द आपण शिक्षकाविषयीही वापरतो. अमक्याने पहिल्याच तासाला वर्गावर छाप पाडली, असे म्हणतो. या दोन छापा एकच नव्हेत, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळले आणि ते फारसे सुखाने कळले नाही.

२००४ साली एम.ए. होऊन मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रुजू झाले. पहिल्या दिवशी घरून निघताना दोन वस्तू मुद्दाम बरोबर घेतल्या होत्या. एक, नानांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ. दुसरी, कॅमलची शाई भरलेले पेन.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळूरुला घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि पुढे नानांच्या पिढीतल्या कितीतरी नोकरदारांच्या मनगटावर ती स्थिरावली. ‘जनता’ किल्लीचे घड्याळ. नाना रोज सकाळी आंघोळीनंतर त्याला किल्ली देत, आणि ते काम आम्हां भावंडांना कधी करू देत नसत. शाईची गोष्टही तशीच. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची भुकटी आणि गोळ्या करायला घेतल्या. त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. आमच्या घरात हजेरीपत्रक, वाणसामानाची यादी आणि माझी पहिली बाराखडी, सगळे त्या शाईत लिहिले गेले. माझ्या मनगटापेक्षा घड्याळाचा पट्टा सैल होता, तरी ते हातात असले की आपण या पेशातलेच आहोत, असे वाटे. माझ्याजवळ अजून जी पत नव्हती, ती मी या वस्तूंकडून उसनी घेत होते.

त्या घड्याळाने पहिल्यांदा दाखवले ते मात्र वेगळेच. आमच्याकडे वर्गातला तास ४८ मिनिटांचा असे, आणि मानधनाचा तास ६० मिनिटांचा. पाच तास शिकवले की २४० मिनिटे भरत. म्हणजे हाती पडे चार तासांचे मानधन. तेही महिन्याला नव्हे. सत्र संपल्यावर, बिल मंजूर झाले की. हा हिशेब मला कार्यालयात समजावून सांगितला गेला, तेव्हा मी घड्याळाकडे पाहून नुसती मान हलवली. नाना असते तर त्यांनीही बहुधा तेच केले असते.

परंतु खरी कसोटी मानधनाची नव्हती. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मला सांगण्यात आले की उद्यापासून भाषाविज्ञानही तुम्हीच घ्या. माझा ओढा संतसाहित्याकडे, एम.ए.ला भाषाविज्ञान उत्तीर्ण होण्यापुरते वाचलेले. रात्री बसस्थानकाजवळच्या दुकानातून एक गाइड आणले आणि त्यातले स्वनिमाचे प्रकरण पाठकोऱ्या कागदांवर जसेच्या तसे उतरवून काढले. कॅमलच्या निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिल्यावर ते माझेच वाटू लागले होते.

दुसऱ्या दिवशी तास बरा चालला आहे, असे मला वाटत होते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून ओळीवर बोट फिरवत होती. मी एक लांब वाक्य म्हणत होते. ते अर्धे झाले असताना तिने शांतपणे पान उलटले. उरलेले अर्धे वाक्य पुढच्या पानावर होते. तेच गाइड, तीच आवृत्ती. तिने वर पाहिले नाही. तिच्या मनात काही कुचेष्टाही नसावी. मॅडम बरोबर शिकवताहेत ना, एवढेच ती ताडून पाहत होती. तिच्या लेखी खात्रीचा माल ते पुस्तक होते, आणि मी त्याची नक्कल. मनगटावर नानांचे घड्याळ होते आणि हातात त्यांचीच शाई; दोन्ही त्या क्षणी काही कामाची नव्हती.

पुढच्या तासाला मी कागद नेले नाहीत. स्वनिमाबद्दल मला खरोखर जे कळले होते, ते वीस मिनिटांत संपले. घड्याळात अजून २८ मिनिटे होती. इतकी लांब २८ मिनिटे मी आयुष्यात अनुभवलेली नाहीत. काही सुचेना, तेव्हा फळ्यावर ‘जरा’ एवढाच शब्द लिहिला आणि वाचायला सांगितले. बहुतेकांनी ‘जरा थांब’मधला ‘जरा’ वाचला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, म्हातारपणाचा जरा का?” आणि त्याचा उच्चार वेगळा होता. मग वर्गानेच दोन्ही ‘ज’ म्हणून पाहिले. जीभ कुठे लागते ते शोधले. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि ध्वनी बदलला की अर्थ बदलतो. गाइडातली ‘अर्थभेद करणारे लघुतम ध्वनिएकक’ ही व्याख्या त्या दिवशी मला स्वतःलाही पहिल्यांदा समजली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पुस्तक मिटले नाही. पण समासात पेन्सिलीने ‘जरा’ लिहिलेले मी जाता जाता पाहिले.

मी त्या दिवशी वर्गावर छाप पाडली, असे मुळीच नाही. पुढेही अनेक तास फसले, आणि गाइड मी काही लगेच सोडले नाही. मात्र ते उतरवून काढणे थांबले. आपल्याला किती येते आणि कुठे संपते, हे वर्गासमोर उघडे पडू देण्याचे भय थोडे कमी झाले. शिक्षकाची पत बहुधा त्या भयाच्या पलीकडे कुठेतरी सुरू होत असावी.

दरम्यान बरेच बदलले. २०११ मध्ये कॅम्लिनची बहुसंख्य मालकी कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. नानांचे घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात आहे. किल्ली दिली तर चालते, पण मागे पडते.

गेल्या जूनमध्ये आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण सहकारी आले. वेळापत्रक करताना एक अडचण उभी राहिली आणि भाषाविज्ञानाचा पेपर त्यांना आदल्या दिवशी देण्याची पाळी माझ्यावरच आली. “हरकत नाही मॅडम, बघतो,” ते म्हणाले. त्यांच्या पिशवीतून एका गाइडाचे पिवळे कव्हर डोकावत होते. मी ते पाहिले, हे त्यांच्याही लक्षात आले. मला त्यांना बरेच सांगायचे होते. शेवटी, पहिला आठवडा तो पेपर मी घेते, तुम्ही हवे तर मागे बसा, एवढेच म्हणाले. ते बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, “उद्यापासून मी घेतो.”

मी वर्गाबाहेर थांबले नाही. असो.